नेम ठेवावा, वेळ बदलावी

बोरी अरबहून एका भगिनींचें पत्र या महिन्यांत आलें आहे. हें गांव यवतमाळ जिल्ह्यांतील दारव्हा तालुक्यांत, अडाण नदीच्या कांठीं आहे. भगिनी लिहितात :

“आमच्या मामंजींचें वय ७८ वर्षांचें आहे. पहांटे ४ वाजतां उठून गार पाण्यानें स्नान, मग संध्या, आणि उजाडण्यापूर्वींच नदीच्या अंगाला एक फेरी, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम आहे. यंदा त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दिवाळीपासून खोकलाही रेंगाळला आहे. आतां पौषी पौर्णिमेपासून माघस्नानाचा त्यांचा संकल्प आहे. मीं ‘जरा जपावें’ असें म्हटलें, कीं ‘मी काय अंथरुणाला खिळलों आहें?’ म्हणून रागावतात. सासूबाई कांहींच बोलत नाहींत. हे नोकरीनिमित्त नागपुरास असतात. मामंजींना कसें सांगावें?”

पत्र लहान आहे. परंतु असें पत्र पुष्कळ घरांतून लिहिलें जाण्यासारखें आहे. म्हणून त्याचें उत्तर खासगी रीतीनें न धाडतां या सदरांतच देत आहें. भगिनींनीं ‘काय करावें’ असें विचारलें नाहीं, ‘कसें सांगावें’ असें विचारलें आहे. तें त्यांनीं फार योग्य केलें. काय करावें हें कोणताही डॉक्टर पांच मिनिटांत सांगेल. कसें सांगावें हें मात्र ज्यानें स्वतः कोणाचें ऐकलें नाहीं, अशा म्हाताऱ्याला विचारलेलें बरें. आणि तसा मी एक आहें.

चार वर्षांपूर्वींच्या पौषांतील गोष्ट. माझी एकाहत्तरी उलटली होती. सूनबाई रोज म्हणे, “पाणी तापवून देतें, उजाडल्यावर स्नान करावें.” मी रोज हंसण्यावारी नेई. एके दिवशीं साडेचारला जाग आली. कोणाची झोंप मोडूं नये म्हणून दिवा न लावतां तसाच ताडकन् उठलों, न्हाणींत गेलों, आंतून कडी घातली आणि गार पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर घेतला. त्यापुढचें मला आठवत नाहीं. शुद्धीवर आलों तेव्हां ओल्या फरशीवर पडलेला होतों, मनगट मोडलेलें होतें, आणि दांतखीळ बसल्यामुळें हांक मारतां येत नव्हती. कडी तोडून मुलानें बाहेर काढलें, तेव्हां अर्धा तास होऊन गेला होता. उपचार करणारे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. ते रागावले नाहींत. म्हणाले, “काका, तुमचा नेम वाईट नाहीं, तुमची वेळ वाईट आहे.” या एका वाक्यानें मी सुधारलों. तेंच आज मामंजींना आणि त्यांच्यासारख्या सर्व वडीलधाऱ्यांना सांगावयाचें आहे.

आतां ती वेळ वाईट कां, हें पाहूं. आपल्या वऱ्हाडांत उन्हाळ्याची जितकी चर्चा होते तितकी थंडीची होत नाहीं. समुद्र फार दूर, हवा कोरडी, आणि पावसाळा सरल्यावर आकाश निरभ्र. अशा मुलखांत दिवसा तापलेली जमीन रात्रीं झपाट्यानें उष्णता टाकते. जानेवारींत दुपारीं पारा २८–३० अंशांपर्यंत जातो आणि पहांटे १२–१४ अंशांवर उतरतो. उत्तरेकडून लाट आली तर १० अंशांच्याही खालीं जातो. म्हणजे एकाच दिवसांत पंधरा-सोळा अंशांची चढउतार. शिवाय आपलीं घरें उन्हाळा डोळ्यांपुढें ठेवून बांधलेलीं. कवेलूंच्या फटींतून आणि टिनाच्या छपरांतून रात्रीची ऊब सहज निसटून जाते. सर्वांत कडक थंडी मध्यरात्रीं असते असा पुष्कळांचा समज आहे, पण तो खरा नाहीं. जमीन सूर्योदयापर्यंत निवतच असते. म्हणून सर्वांत थंड घटका सूर्योदयाच्या आगेमागें येते. या दिवसांत तुमच्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास. थंड हवा जड असल्यानें ती सखल भागांत उतरून बसते. तेव्हां मामंजी ज्या वेळीं नदीच्या अंगाला जातात, त्या वेळीं गांवांतील सगळ्यांत गार हवा तेथेंच त्यांची वाट पाहत असते. चुलींचा आणि शेकोट्यांचा धूरही अशा वेळीं वर न जातां जमिनीलगत तरंगत राहतो. रेंगाळलेल्या खोकल्याला याहून वाईट हवा कोणती?

हवेची घटका अशी, तर देहाची घटका त्याहून नाजूक. थंडी लागली कीं कातडीजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळें रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोरानें काम करावें लागतें. झोंपेंतून उठतांना रक्तदाब स्वभावतःच चढत असतो. या दोन चढणी एकावर एक आल्या म्हणजे जीर्ण रक्तवाहिन्यांना तो भार कधीं कधीं सोसत नाहीं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षघात हिवाळ्यांत अधिक होतात, याचें एक कारण हें आहे. त्यांतून उतारवयांत शरीर उष्णता कमी निर्माण करतें, अंगावरची चरबी व स्नायू झडलेले असतात, हुडहुडी मंद भरते, आणि थंडी वाजत असल्याची जाणीवही बोथट होते. “मला थंडी वाजत नाहीं” असें मामंजी म्हणत असतील तर ते खोटें बोलत नाहींत. परंतु तें बळाचें लक्षण आहे असेंही समजूं नये.

आतां स्नानाचा प्रश्न. येथें मामंजी म्हणतील, “स्नान पुढें ढकललें तर प्रातःसंध्येची वेळ टळते.” हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचें उत्तर आपल्या शास्त्रकारांनींच देऊन ठेवलें आहे. त्यांनीं स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत : मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पाण्यांत बुडून करावयाचें तें वारुण. तें एकच स्नान खरें, असें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. आजारी आणि अशक्त माणसासाठीं मंत्रपूर्वक प्रोक्षणाचें मांत्रस्नान आहे, नुसत्या ध्यानाचें मानसस्नान आहे. तेव्हां मामंजींनीं वेळेवर जागें व्हावें, ऊन पाण्यानें हातपाय-तोंड धुवावें, मांत्रस्नान करून घरांतच उबदार जागीं संध्येला बसावें. अंगावर धाबळी घ्यावी; ती सोंवळ्यांतही चालते. सर्वांगाचें स्नान ऊन पडल्यावर, आठच्या पुढें करावें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येच्या अध्यायांत हेमंतासाठीं अंगाला तेल, धुण्यासाठीं सोसवेल इतपत ऊन पाणी, बेतानें सूर्यकिरण, आणि पायांत सदोदित पादत्राण असें सांगितलें आहे. गार पाण्याचा आग्रह त्यानेंही धरला नाहीं. तेव्हां येथें शास्त्र आणि डॉक्टर यांचें भांडण नाहींच. भांडण आहे तें फक्त संवयीशीं.

स्नानाच्या कृतीसंबंधीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. उठतांना प्रथम कुशीवर वळावें, मग दोन मिनिटें पाय खालीं सोडून बिछान्यावर बसावें, आणि नंतर उभें राहावें. रक्तदाबाची गोळी घेणारांनीं तर हें कधींच चुकवूं नये, कारण एकदम उठल्यास रक्तदाब क्षणभर उतरून घेरी येते. पाणी कोमट असावें, कढत नको. तें कातडी कोरडी करतें, खाज आणतें, आणि त्यानेंही कित्येकांना चक्कर येते. पहिला तांब्या पायांवर, दुसरा हातांवर, मग खांद्यांवर असें चढत जावें, आणि डोक्यावरून पाणी सर्वांत शेवटीं घ्यावें. स्नानापूर्वीं तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल हातापायांना चोळावें. तळपायांचें तेल मात्र पुसून टाकावें, नाहीं तर पाय घसरतो. न्हाणींत खरखरीत चटई, भिंतीला धरावयास दांडी, आणि दाराला आंतून कडी नसावी, नुसतें लोटलेलें असावें. ही शेवटची सूचना माझ्या मनगटानें दिलेली आहे.

शेगडीविषयीं दोन शब्द अधिक गंभीरपणें लिहितों. जुन्या ग्रंथांत अंगारानें उबदार केलेल्या आंतल्या खोलीचें वर्णन आहे, आणि आपणही लहानपणीं आजीच्या शेगडीजवळ बसलेलों आहोंत. परंतु आजच्या खोल्यांचीं दारें-खिडक्या घट्ट बसतात. बंद खोलींत धुमसणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते, आणि त्या झोंपेंतून माणूस उठत नाहीं. म्हणून शेगडी पेटवून दार लावून झोंपणें हें कोणत्याही थंडींत करूं नये. शेकावयाचें तर अंगणांत किंवा उघड्या पडवींत शेकावें, आणि झोंपण्यापूर्वीं शेगडी घराबाहेर ठेवावी. ज्या न्हाणीघरांत गॅसचें पाणी तापविण्याचें यंत्र आहे, तेथें झरोका उघडा असलाच पाहिजे. यंत्र न्हाणीच्या बाहेर बसविलें तर उत्तम.

उबेसाठीं आपला जिल्हा कोणापुढें हात पसरील असा नाहीं. कापूस घरचा आहे. नव्या कापसाची रजई भरून घ्यावी. मात्र पिंजण्याचें काम चालू असतां दम्याच्या व खोकल्याच्या माणसाला तेथें बसूं देऊं नये. अंगांत एकच जाड कपडा घालण्यापेक्षां दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावे; त्यांच्यामध्यें कोंडलेली हवाच ऊब धरते. कानटोपी आणि पायमोजे रात्रींही असूं द्यावे. मधुमेह असणारांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, म्हणून त्यांनीं गरम पाण्याची पिशवी पायांशीं घेऊं नये, आणि पाय शेगडीजवळही नेऊं नयेत. भाजलेलें कळत नाहीं आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाहीं.

फिरणें सोडावयाचें नाहीं. सांधे आखडतात म्हणून चालणें थांबविलें तर ते अधिकच आखडतात. फेरी फक्त उन्हांत न्यावी. साडेआठ-नऊला, कान व छाती झांकून, आधीं घरांतच हातपाय हलवून मग निघावें, आणि नदीच्या सखल बाजूऐवजीं उंचावरच्या, उन्हाच्या रस्त्यानें जावें. त्याच वेळीं अंगाला ऊनही मिळतें. चालतांना छातींत दाब, दम किंवा डाव्या हातांत कळ वाटली, तर तेथेंच बसावें. ‘घरापर्यंत पोंचूं’ असें म्हणूं नये.

आहाराच्या बाबतींत धनुर्मास हा मोठा शहाणा महिना आहे. सकाळींच मुगाची ऊन ऊन खिचडी आणि तिच्यावर चमचाभर तूप, याहून थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या पोटाला चांगला आरंभ नाहीं. ज्वारीची ताजी मऊ भाकरी, मेथी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, गाजर, आंवळा, बोर ही हिवाळ्याची देणगी आहे. हुरडा मात्र दांत आणि पचन पाहून, थोडा, चावून खावा. स्नायूंची झीज भरून निघण्यासाठीं वरण, दूध, ताक यांपैकीं कांहींतरी दोन्ही जेवणांत असावें. तीळगुळाविषयीं एक गैरसमज आहे. गूळ ‘उष्ण’ असला तरी मधुमेह्याला तो साखरेसारखाच. संक्रांतीच्या दिवशीं मान राखण्यापुरता कण घ्यावा. रक्तदाब असणारांनीं लोणचें-पापड मोजून खावे.

पाण्याचें मात्र कोणी सांगत नाहीं. उतारवयांत तहान मंदावते, थंडींत तर ती जवळजवळ नाहींशीच होते. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, चक्कर हीं सारीं मागोमाग येतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें डॉक्टरांनीं पाणी मोजून दिलें नसेल, तर दिवसभरांत सहा-सात पेले कोमट पाणी तहानेची वाट न पाहतां प्यावें. त्याचा मोठा भाग संध्याकाळच्या आंत संपवावा, म्हणजे रात्रीं अंधारांत उठावें लागत नाहीं. उठण्याच्या वाटेवर लहान दिवा रात्रभर तेवत ठेवावा.

औषधांसंबंधीं : रक्तदाब थंडींत वाढूं शकतो, म्हणून हिवाळा लागतांच तो एकदां तपासून घ्यावा; परंतु गोळी आपल्या मनानें वाढवूं नये, आणि बरें वाटतें म्हणून बंदही करूं नये. सर्दीसाठीं दुकानांतून आणलेल्या कित्येक गोळ्या रक्तदाब चढवितात आणि पुरुषांची लघवी अडवितात. त्या विचारल्यावांचून घेऊं नयेत. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं, आणि न्युमोनियाला प्रतिबंध करणारी लस, यांविषयीं डॉक्टरांशीं अवश्य बोलावें. मामंजींचा खोकला तर दिवाळीपासूनचा आहे. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला काढ्यांवर ठेवावयाचा नसतो. थुंकी व छाती तपासून घ्यावी. हें काम माघस्नानाच्या आधींचें आहे. दारव्हा जवळ आहे, आणि मोठ्या तपासणीसाठीं यवतमाळचें वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणखी एक गोष्ट सुनांनीं आणि मुलांनीं मनांत कोरून ठेवावी. वृद्धांचा न्युमोनिया पुष्कळदां ताप घेऊन येत नाहीं. म्हातारा माणूस नुसता जेवेनासा होतो, भलतेंच बोलूं लागतो, उगीच पडतो, दिवसभर झोंपून राहतो. घरचे म्हणतात, “वयच झालें.” तें वय नसतें, तो आजार असतो. तसेंच अंग गार लागणें, बोलणें जड होणें, गुंगी येणें हें थंडीनें शरीराची ऊब ३५ अंशांच्या खालीं गेल्याचें चिन्ह असूं शकतें. अशा माणसाला कोरड्या कपड्यांत व रजईंत गुंडाळावें, शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्यावें, हातपाय जोरानें चोळूं नयेत. तोंड वांकडें होणें, एक हात किंवा पाय लुळा पडणें, छातींत कळ येणें, धाप लागणें, यांपैकीं कांहीं दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळ होण्याची वाट पाहूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. कसें सांगावें? भगिनी, मी एक गुपित सांगतों. मी गार पाण्यानें स्नान करीत होतों तें सगळें व्रतासाठीं नव्हतें. पहांटे चारला पाणी तापवावयास कोणाला उठवावें, हा संकोच त्यांत मोठा होता. म्हाताऱ्याच्या हट्टाच्या आंत बहुधा असा एक संकोच दडलेला असतो. आपल्यामुळें घराला त्रास होऊं नये, म्हणून तो आपण धडधाकट असल्याचें रोज सिद्ध करीत असतो. त्याला ‘जपावें’ म्हटलें कीं, ‘तुम्ही आतां ओझें झालां’ असें त्याला ऐकूं येतें. म्हणून ‘करूं नका’ हा शब्दच काढूं नये. “मामंजी, आठला सगळ्यांसाठीं पाणी तापतेंच, आपलें घंगाळ आधीं भरतें,” इतकेंच म्हणावें. संकल्पाच्या पाण्यासाठीं अडाणेचा एक तांब्या उन्हाच्या वेळीं आणवून घंगाळांत मिसळावा. फेरीला नातवंडाला बरोबर द्यावें, पण ‘आजोबांना सांभाळ’ असें सांगून नव्हे. ‘आजोबांकडून श्लोक शिकून ये’ असें सांगून.

आणि त्यांना हें आठवून द्यावें कीं, जपणें म्हणजे मागें सरणें नव्हे. आपल्याच यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनीं उतारवयांत लोकमान्यांचें चरित्र संस्कृत पद्यांत रचण्याचें प्रचंड काम केलें. वयाच्या ८८ व्या वर्षीं, १९६८ सालीं ते वारले, आणि त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवा’ला १९७३ मध्यें साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. म्हातारपणींही हातून व्हावयाचें बरेंच असतें. त्यासाठीं देह टिकविणें हेंही एक व्रतच आहे.

शेवटीं, तुमच्या पत्रांत सासूबाईंविषयीं एकच वाक्य आहे : त्या कांहींच बोलत नाहींत. मला तें वाक्य सर्वांत अधिक बोचलें. मामंजी चारला उठतात तर त्या कितीला उठतात? अनवाणी थंड फरशीवर त्या किती वेळ उभ्या असतात? त्यांचें जेवण ऊन असतें कीं सर्वांच्या मागून उरलेलें गार? त्यांचा रक्तदाब शेवटचा केव्हां मोजला? मामंजींच्या नेमाची वेळ बदलली तर पहिली विश्रांति त्या माउलीला मिळेल. हें मामंजींना सांगून पाहा. स्वतःसाठीं न ऐकणारा म्हातारा सहधर्मचारिणीसाठीं पुष्कळदां ऐकतो. मीही अखेर तसाच ऐकता झालों.

माघी पौर्णिमेनंतर मामंजींनीं स्वहस्तें दोन ओळी लिहून खुशाली कळवावी, अशी त्यांना माझी समवयस्काची विनंती कळवा.